ओले कपडे आणि बंद पडलेला ड्रायर

मृगाच्या सरी आल्या म्हणजे आमच्या भागांत धानाचे पऱ्हे टाकण्याची घाई सुरू होते, आणि तिच्याबरोबरच घराघरांत दुसरी एक चिंता प्रवेश करते. ती म्हणजे ओल्या कपड्यांची. कोहमारा हें गांव मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर, सडक अर्जुनी तालुक्यांत वसलेलें आहे. आमच्या या गोंदिया जिल्ह्यांत वर्षाकाठीं बाराशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व त्यांतील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रोवणीला हा पाऊस हवाच असतो; दोरीवरील कपड्यांना मात्र तो वैरी होय. अशा दिवसांत धुलाईयंत्राचा ड्रायर बंद पडला, तर घरांतील माउलीची जी त्रेधा उडते ती मुलांनीं पाहिलेलीच आहे. शाळेचे गणवेश दोन. एक अंगावर भिजलेला आणि दुसरा कालचा धुतलेला, तोहि ओलाच. मग तसाच दमट गणवेश घालून मूल वर्गांत बसतें, आणि चार दिवसांनीं कमरेवर व मांड्यांवर नायटा उठतो. हा नायटा पूर्वीसारखा साध्या मलमानें लवकर हटत नाहीं, असा भारतांतील त्वचारोगतज्ज्ञांचा गेल्या दहा-पंधरा वर्षांतील अनुभव आहे. म्हणून विषय घरगुती असला तरी क्षुल्लक मानूं नये.

प्रथम ड्रायर म्हणजे काय तें नीट समजून घेऊं. युरोप-अमेरिकेंत ज्याला हें नांव देतात तें यंत्र कपड्यांमधून ऊन हवा खेळवून ते पूर्णपणें वाळवितें. आपल्याकडे बहुतेक घरीं दोन पिंपांचें यंत्र असतें. त्यांतील लहान पिंपास आपण ड्रायर म्हणतों. हें नांव किंचित् फसवें आहे. तें पिंप कपडे वाळवीत नाहीं, पिळतें. त्याच्या अंगाला बारीक भोकें असतात आणि तें मिनिटास सुमारें १,३०० फेरे घेतें. पाण्यानें भरलेली लहान बादली हात लांब करून गरगर फिरविली असतां पाणी बुडाशीं दाबून बसतें व सांडत नाहीं, हा खेळ मुलांनीं केलेला असेलच. बादलीच्या बुडास भोकें असतीं तर तेंच पाणी जोरानें बाहेर उडालें असतें. ड्रायरांत तेंच घडतें. पिंपाची त्रिज्या १२ सेंटिमीटर धरून वरच्या इयत्तेंतील विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें. पिंपाच्या कडेशीं असलेल्या थेंबावर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पटींहून अधिक जोर पडतो असें उत्तर येईल. मनगटाच्या पिळण्यास हें बळ कोठून येणार ?

आतां या बळाचें मोल पाहूं. हातानें पिळलेल्या सुती कपड्यांत साधारणपणें त्यांच्या कोरड्या वजनाइतकें पाणी उरतें. ड्रायरमधून काढलेल्यांत सुमारें निम्मेंच. घरांतील रोजचे कपडे ३ किलो धरले, तर ड्रायर बंद पडल्यामुळें दीड लिटर पाणी जास्तीचें वाळवावें लागतें. दीड लिटर म्हणजे दीड तांब्या, त्यांत काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. परंतु पाण्याची वाफ होण्यास उष्णता फार लागते. पाणी नुसतें तापविण्यास लागते तीहून निराळी, तापमापकावर न दिसणारी अशी ही उष्णता ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक यानें इ. स. १७६१ च्या सुमारास ओळखली व तिला अप्रकट उष्णता म्हणतात. एक लिटर पाणी आपल्या हवेच्या उष्णमानावर उडून जाण्यास जी उष्णता लागते, ती विजेनें पुरवावयाची झाल्यास दोन-तृतीयांश युनिट खर्ची पडेल. उलट, ड्रायर पांच मिनिटें फिरविला तर युनिटाचा चाळिसावा हिस्साहि लागत नाहीं. यावरून काय करावयास पाहिजे हें आपोआप ठरतें: जें पाणी पिळून काढतां येईल तें हवेवर सोंपवूं नये.

तेव्हां यंत्र बंद असतां सारी मेहनत पिळण्यावर घालावी. चादर, साडी यांस दोन माणसें लागतात. दोघांनीं दोन टोकें धरून उलट दिशांनीं पीळ द्यावा, आणि पहिलें पाणी गळून गेल्यावर मध्यें थोडें थांबून पुन्हां द्यावा, कारण सुतांच्या आंतलें पाणी बाहेर येण्यास अवधि लागतो. सदरे व लहान मुलांचे कपडे यांस पीळ देण्यापेक्षां जाड, कोरड्या पंचांत गुंडाळून त्या वळकटीवर पाय देणें बरें. पंचा भिजतो हें खरें, पण कपड्यांतलें पुष्कळ पाणी घेऊन भिजतो, आणि एकटा पंचा वाळविणें सोपें असतें. लोकरीचे कपडे तर पिळूंच नयेत, ते याच रीतीनें दाबावेत. जाड विजारी दोरीवर टाकण्यापूर्वीं अर्धा तास मोरींत उभ्या टांगून ठेवाव्यात. पाणी खालच्या टोकास उतरतें, तें टोक तेवढें पुन्हां पिळावें.

पिळून झाल्यावर काम हवेचें. येथें बहुतेक घरांत एक चूक होते: ओल फार म्हणून खिडक्या लावून घेतात आणि आंत कपडे वाळत घालतात. ही रीत कां चुकते तें आंकड्यांनीं दाखवितों. हवा आपल्यांत ठराविकच वाफ सामावून घेते, आणि ती जितकी ऊन तितकी जास्त. मे महिन्याच्या दुपारीं ४२ अंश उष्णता व २० टक्के आर्द्रता असतां एक घनमीटर हवा आणखी ४५ ग्रॅम पाणी घेऊं शकते. म्हणून त्या दिवसांत दोरीवरचें धोतर पाहतां पाहतां खडखडीत होतें. जुलईच्या झडीत २८ अंश उष्णता व ९० टक्के आर्द्रता असतां तीच हवा जेमतेम पावणेतीन ग्रॅम घेते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलींत सुमारें २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे ती सारी हवा मिळून पाऊणशे ग्रॅम पाणी पिणार, अर्धा पेलाहि नाहीं ! तीन लिटर पाणी न्यावयाचें तर खोलींतील हवा निदान चाळीस वेळां बदलली पाहिजे. बंद खोलींत ती एकदांहि बदलत नाहीं. कपडे ओले राहतात, भिंतींस बुरशी येते, आणि दोष मात्र सर्वस्वीं पावसास दिला जातो.

हवा बदलण्याचें साधन विदर्भांत घरोघरीं आहे, फक्त तें आषाढांत अडगळींत पडलेलें असतें. तें म्हणजे कूलर. उन्हाळ्यांत तो पाणी उडवून हवा गार करतो. पावसाळ्यांत त्याची टांकी रिकामी करून, पंप बंद ठेवून, बाजूंचें गवत अगदीं कोरडें झाल्यावर नुसता पंखा चालविला, तर तोच बाहेरची हवा ओढून कपड्यांवर सोडतो. समोरचें दार किंवा खिडकी उघडी असावी, नाहींतर आंत आलेली हवा जावयाची कोठें ? छताचा पंखा तीच ती हवा फिरवितो, म्हणून त्याच्याबरोबरहि खिडकी उघडी हवीच. दोन कपड्यांमध्यें चार बोटें अंतर असावें, खिसे उलटे काढावेत, सदरे हँगरवर घालावेत म्हणजे पुढची व मागची बाजू एकमेकींस चिकटत नाहीं.

हवा थोडीशी तापविली तरी मोठा फरक पडतो. मघांची जुलईची हवा २८ वरून ३३ अंशांवर नेली, तर तिची पाणी घेण्याची शक्ति चौपट होते. जुन्या घरांत चुलीच्या वर, ज्वाळा पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर, बांबूची दांडी टांगलेली असे, तिचें मर्म हेंच. परंतु शेगडी पेटवून ती बंद खोलींत कपड्यांखालीं ठेवण्याची जी चाल कोठें कोठें आहे, ती जीवघेणी आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं, आणि झोंपलेलें माणूस त्यानें झोंपेंतच जातें.

कपडे वाळत घालण्याची एक युक्ति मुंबईच्या महालक्ष्मी येथील धोबीघाटावर पाहावयास मिळते. तेथें चिमटे लावीत नाहींत. दोन पदरी दोरीला घट्ट पीळ देतात व त्या पिळांत कपड्याचें टोंक अडकवितात. वारा कितीहि सुटला तरी कपडा निसटत नाहीं, दुमड पडत नाहीं म्हणून तेवढी जागा ओलीहि राहत नाहीं. त्या घाटावरहि आतां विजेवर फिरणारीं मोठीं पिळणयंत्रें आलीं आहेत.

दोरीचाच विषय निघाला म्हणून पालकांस एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. कपडे वाळविण्यास लोखंडी तार कदापि बांधूं नये. पावसाळ्यांत अशा तारेस हात लावतांच माणूस गतप्राण झाल्याच्या बातम्या दरवर्षीं वर्तमानपत्रांत येतात, आणि पुष्कळदां त्यास सोडविण्यास धांवलेला दुसराहि जातो. विजेच्या खांबावरून घरांत येणाऱ्या वायरचें आवरण कोठें तरी झिजतें, ती टिनाच्या पत्र्यास टेंकते, पत्र्यापासून तारेंत वीज उतरते, आणि ओल्या अंगणांत अनवाणी उभ्या असलेल्या बाईच्या देहांतून ती जमिनींत जाते. नायलॉनची किंवा काथ्याची दोरी बांधावी, व तीहि विजेच्या खांबास किंवा पत्र्याच्या कैचीस नव्हे. कूलरचा सांगाडा लोखंडीच असतो, तेव्हां अर्थिंग तपासून घ्यावें आणि घरांत ३० मिलिअँपियरवर तुटणारा आर.सी.सी.बी. बसवावा. कोणास झटका बसलाच, तर त्यास हात न लावतां आधीं मुख्य बटन बंद करावें.

आतां यंत्राविषयीं थोडें. मेकॅनिक साकोलीहून किंवा गोंदियाहून यावयाचा, तोहि पाऊस उघडल्यावर. तेव्हां त्यास बोलाविण्यापूर्वीं प्लग काढून कांहीं गोष्टी घरींच पाहाव्यात. कपडे एकाच बाजूस दाटले आहेत काय ? झांकण पुरतें बसलें आहे काय ? तें न बसल्यास त्याखालचें बटन दबत नाहीं व मोटर सुरू होत नाहीं. रुमाल किंवा पायमोजा पिंपाच्या कडेवरून खालीं सरकून अडकला आहे काय ? पाणी जाण्याची नळी तुंबली किंवा उंच धरली गेली असेल, तर पिंपाचें बूड पाण्यांत राहतें व त्यास वेग येत नाहीं. आमच्याकडे उंदीरहि यंत्राखालीं शिरून वायरी कुरतडतात, तें बॅटरीच्या उजेडांत दिसतें. मोटर नुसती गुणगुणत असेल व पिंप हलत नसेल, तर बहुधा विजेचा दाब कमी असतो किंवा कपॅसिटर निकामी झालेला असतो. दाब कमी असेल तर सकाळीं पुन्हां पाहावें. कपॅसिटर बदलणें मेकॅनिकास फार अवघड नाहीं. परंतु प्लग काढल्यावरहि त्यांत वीज सांठून राहते, म्हणून मागची पाटी विद्यार्थ्यांनीं उघडूं नये, जिज्ञासा कितीहि असो. तसेंच झांकण उघडल्यावर पिंप थांबलें नाहीं तर ब्रेक झिजला असें समजावें, आणि फिरत्या पिंपांत हात घालूं नये. ओला कपडा बोटांस वेढा घालतो आणि बोट सुटत नाहीं.

राहिला तो कुबट वास. कपडे स्वच्छ धुतले तरी वास कां येतो ? २०१२ सालीं जपानी संशोधकांनीं त्याचें कारण प्रसिद्ध केलें. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नांवाचा जंतु कापडांत टिकून राहतो व कापड बराच वेळ ओलें राहिलें म्हणजे वाढून एक दुर्गंधी आम्ल तयार करतो. तेव्हां खरी शर्यत वेळेशीं आहे. सात दिवसांचा ढीग रविवारीं धुण्यापेक्षां रोज थोडे कपडे पहांटे धुवावेत, म्हणजे दिवसाची जी काय उघडीप मिळेल ती त्यांस लाभते. गणवेश जवळजवळ वाळल्यावर उलट्या बाजूनें इस्त्री फिरवावी. उरलेली ओल जाते आणि पुष्कळ जंतूहि मरतात. एकदां वास धरलेला कपडा पुन्हां धुण्याआधीं कढत पाण्यांत भिजवावा, मात्र रंग जाणारा असेल तर नव्हे.

गोधड्या आणि सतरंज्या यांच्या वाटेस पावसाळ्यांत जाऊंच नये. एका जाड गोधडींत कांहीं लिटर पाणी राहतें, आणि तिच्या आंतली ओल दोन-दोन दिवस हालत नाहीं. आश्विनाचें ऊन पडूं लागलें, बांधांवरचें पाणी आटलें, म्हणजे एका दिवसांत ती वाळते.