चिमटा तुटतो कुठे?

मोटारसायकलचा मागचा चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, स्वतः बनवायचं ठरलं की पोरांच्या बोलण्यात लगेच ‘क्रोमोली’ येतं. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं, ४१३० या क्रमांकाचं हे पोलाद विमानांच्या सांगाड्यांत नावारूपाला आलं, पुढे रेसिंगच्या गाड्यांत रुळलं. पोलाद उत्तम आहे, यात वाद नाही. तरीही घरच्या वर्कशॉपमधल्या चिमट्यासाठी मी साधं माइल्ड स्टीलच सुचवेन, आणि ते स्वस्त मिळतं म्हणून मुळीच नाही.

चिमट्याचं पुढचं टोक चौकटीला बुशांवर फिरतं, मागच्या टोकाला चाकाचा एक्सल, मध्ये कुठेतरी शॉकअप. खड्ड्यात चाक उसळलं की चिमटा वाकू पाहतो, वळणावर गाडी कलली की पिळवटतो. त्याला दोन वेगळे गुण लागतात. भाराखाली तो किती वाकेल, हा ताठपणा. किती भारानंतर वाकलेला पुन्हा सरळ होणार नाही, ही ताकद.

ताकद पोलादाच्या जातीवर ठरते. साधं पोलाद २५० मेगापास्कलच्या आसपास कायमचं वाकू लागतं, नॉर्मलाइझ केलेलं ४१३० चारशेच्याही पुढे तग धरतं. ताठपणा मात्र दोघांचा सारखाच, सुमारे २०५ गिगापास्कल. लोखंडाच्या अणूंमधले बंध ताणायला किती जोर लागतो यावर तो अवलंबून असतो, आणि शंभरात दोन-तीन परके अणू आले म्हणून ते बंध फारसे बदलत नाहीत. ताकदीचं तसं नसतं. अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात ते स्फटिकातल्या दोषरेषांच्या आधाराने. मिसळलेली मूलद्रव्यं त्या रेषांची वाट अडवतात आणि पोलाद मजबूत होतं. कॉलेजच्या मुलांच्या ‘बाहा’ या गाडी बांधण्याच्या स्पर्धेत उतरलेल्यांना हे ठाऊक असतं. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याच्या, म्हणजे रोल केजच्या, गणितात पोलाद कोणतंही असो, २०५ गिगापास्कल हाच आकडा धरायचा, असं तिथे नियमच सांगतात.

म्हणजे क्रोमोली मजबूत म्हणून ४० मिमीच्या चौकोनी नळीची जाडी २ मिमीवरून १ मिमीवर आणली, तर वजन निम्मं होतं आणि ताठपणाही जवळपास निम्मा होतो. गाडी हलकी होते, पण वळणात डोलू लागते.

ताठपणा हवा तर आकाराकडे वळावं. ३० बाय ३० मिमीची २.८ मिमी जाड नळी आणि ४० बाय ४० ची २ मिमी जाड नळी यांचं वजन सारखंच भरतं; पण दुसरी जवळजवळ दुप्पट ताठ असते. ६० बाय ४० ची २ मिमी जाड नळी उभी वापरली तर वजन सव्वापट होतं आणि उभ्या दिशेचा ताठपणा अडीचपटीहून जास्त वाढतो. पिळाचा अनुभव तर हातानेच घेता येतो. जाड कागदाची नळी करून कड डिंकाने चिकटवा आणि पिळून पाहा. मग कात्रीने तिला लांबीभर उभी चीर द्या आणि पुन्हा पिळा. ३२ मिमी व्यासाच्या, २ मिमी जाड पोलादी नळीला अशी चीर दिली तर पिळाविरुद्धचा तिचा ताठपणा सुमारे १७० पट घटतो. चिमट्याला उघडा चॅनेल वापरू नये तो याचसाठी.

आता जोडाकडे येऊ, कारण चिमटा तुटतो तो बहुधा तिथेच. एका मोठ्या धक्क्याने मोडण्यापेक्षा लाखो लहान धक्क्यांनी, धातूच्या थकव्याने, तो जास्त तुटतो. गुळगुळीत पोलादात आयुष्याचा मोठा भाग भेग जन्मण्यात जातो आणि मजबूत पोलाद तिला जास्त काळ जन्मू देत नाही. वेल्डच्या कडेला मात्र मिलिमीटरच्या अंशाएवढ्या खाचा आधीच असतात. तिथे भेगेला जन्मायची गरजच नसते, ती थेट वाढू लागते, आणि तिच्या वाढीचा वेग पोलादाच्या ताकदीवर फारसा अवलंबून नसतो. शिवाय वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि आसपासचा धातू कायमचा ताणलेला राहतो. म्हणूनच पोलादी बांधकामाच्या संहिता वेल्ड केलेल्या जोडाची थकव्याची मर्यादा पोलादाच्या जातीनुसार वाढवून देत नाहीत. २० लाख आवर्तनांसाठी साध्या ब्रॅकेटच्या जोडाला साधारण ६० ते ८० मेगापास्कलच्या चढउताराची मुभा असते, मग नळी माइल्ड स्टीलची असो की क्रोमोलीची. मला या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि दुकानात नळी निवडताना ती कोणाच्याच मनात नसते.

शिवाय क्रोमोली वेल्ड करणं अवघड. ४१३० मध्ये कार्बन ०.२८ ते ०.३३ टक्के. वेल्डशेजारचा पट्टा भराभर थंड झाला तर कडक आणि ठिसूळ होतो. पावसाळ्यात दमट झालेले रॉड वापरले तर हायड्रोजन आत शिरतो आणि काही तासांनंतरही तडा जाऊ शकतो. टिग वेल्डिंग करणारा अनुभवी माणूस हे सांभाळतो. साध्या मशीनवर नवशिक्याने ते करू नये. थंड ओढून मजबूत केलेल्या सीडीडब्ल्यू नळीचंही तेच: ओढण्याने मिळवलेली ताकद वेल्डच्या उष्णतेत नेमक्या जोडाशी बरीचशी निघून जाते.

पोलादाच्या जातीपेक्षा घडण आणि जोड महत्त्वाचे, याचा इतिहासात मोठा दाखला आहे. बेलफास्टच्या मॅक्कँडलेस बंधूंनी नॉर्टन मोटारसायकलींसाठी केलेली ‘फेदरबेड’ चौकट १९५० साली रेसमध्ये उतरली आणि तिच्यावर जेफ ड्यूकने त्याच वर्षी आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली. रेसच्या गाड्यांत रेनॉल्ड्स ५३१ ही मँगनीज-मॉलिब्डेनम नळी होती आणि ती जोडली होती ब्राँझने, सुमारे ९०० अंशांना, म्हणजे नळी वितळू न देता. पुढे रस्त्यावरच्या नॉर्टनला त्याच घडणीची चौकट साध्या पोलादात दिली, तरी तिचा रस्त्यावरचा लौकिक टिकला.

नळी घेताना भंगारातली अनोळखी नळी टाळावी. ग्राइंडरच्या ठिणग्यांवरून कार्बन कमी की जास्त एवढाच अंदाज येतो. आयएस ४९२३ चा शिक्का असलेली चौकोनी नळी घ्यावी; वायएसटी २४० किंवा ३१० मधला आकडा तिची किमान ताकद मेगापास्कलमध्ये सांगतो. जस्त चढवलेला पाण्याचा पाइप नको. त्याचा धूर ताप आणतो आणि वितळलेलं जस्त जोडात भेगा पाडू शकतं.

हे सगळं बंद ट्रॅकवरच्या किंवा कॉलेजच्या प्रकल्पातल्या गाडीपुरतं. नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ बनावटीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे.

शेवटी प्रत्यक्ष बांधणीकडे. शॉकअपचा ब्रॅकेट एक्सलच्या जितका जवळ, तितका चिमटा कमी वाकतो. त्याचा वेल्ड नळीच्या वरच्या किंवा खालच्या पृष्ठावर आडवा न घेता बाजूच्या मध्यावर घ्यावा, कारण वाकताना तिथे ताण सर्वांत कमी असतो. बुशांची भोकं वेल्डिंगनंतरच अंतिम मापाला आणावीत. रंग पातळ आणि फिकट द्यावा, म्हणजे वेल्डच्या कडेला गंजाची रेघ उमटली तर लगेच दिसते. अशी रेघ दिसली की लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरने तपासावं, आणि भेग निघालीच तर तिच्यावर नुसता नवा वेल्ड चढवून गाडी पुन्हा ट्रॅकवर नेऊ नये.