काळोखातली हाक

समुद्राच्या पोटात ना सूर्य, ना तारे. रेडिओच्या लहरीही खाऱ्या पाण्यात लगेच विरतात. मग पाणबुडीने वाट पुसावी कुणाला? आवाजाला! पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. हाक मारली आणि दोन सेकंदांनी सोबत्याची ओ आली, की समजावे, तो दीड किलोमीटरवर आहे.

१९६६ च्या जानेवारीत स्पेनमधील पालोमारेसवर विमानांची टक्कर होऊन एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला. १ मार्चला 'अल्विन' या चिमुकल्या पाणबुडीला तळावर त्याचा माग दिसला, आणि हरवलाही! आवाजाने काढलेला ठावठिकाणा तेव्हा फारच ढोबळ असे. १५ मार्चला बॉम्ब सापडला, तेव्हा मात्र 'अल्विन' हललीच नाही. 'अॅल्युमिनॉट' ही दुसरी पाणबुडी खाली येईपर्यंत ती त्या भयंकर ठेव्याशेजारी तासन्‌तास पहारा देत बसली.