पिवळं पाणी

लहानपणी मला कावीळ झाली तेव्हा गावातल्या एका आजींनी माझ्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला आणि चुन्याच्या पाण्यात हात बुडवायला लावले. पाणी पिवळंधमक झालं. ‘‘उतरली बघ,’’ त्या म्हणाल्या. मध्यंतरी लिव्हरच्या सिरपच्या बाटलीवर भुईआवळीशेजारी ‘अँटिऑक्सिडंट’ असं वाचलं. हा शब्द मिळवतात कसा, ते बघायला एका फार्मसी कॉलेजात गेले.

दारातच कॉलेजातले एक मामा बसले होते. भुईआवळीच्या जुड्या झटकून सावलीत पसरत होते. मुळापासून शेंड्यापर्यंत, पंचांग. आत अर्क काढायच्या सॉक्सलेट उपकरणात अल्कोहोल चढत-उतरत होतं. ओल्या गवतात चहा उकळावा तसा वास. तो माझ्या ओढणीला दोन दिवस होता.

पीएच.डी. करणाऱ्या मुलीने डीपीपीएच नावाच्या रसायनाच्या गर्द जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब सोडले. जांभळा विरत गेला, पिवळा उरला, म्हणजे अँटिऑक्सिडंट. ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घेतलं. मी हरखले. ती म्हणाली, ‘‘लिंबू पिळलं तरी होईल, ताई.’’

मग उंदीर. पॅरासिटामॉलचा जबर डोस देऊन यकृत मुद्दाम बिघडवायचं, रक्तात एसजीपीटी हे यकृतातलं एन्झाइम किती चढलं ते मोजायचं, तुलनेला सिलीमारिन हे यकृताचं औषध. अर्क मात्र बहुतेक वेळा आधीपासूनच पाजलेला असतो. माणूस डोळे पिवळे झाल्यावर औषध शोधतो, हे उंदरांना कोण सांगणार!

माणसांचं काय, विचारलं. ‘‘३७ पैकी २२,’’ ती म्हणाली. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये छापलं होतं : महिनाभर भुईआवळी घेतलेल्या हिपॅटायटिस बी वाहकांपैकी इतक्यांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठ-प्रतिजन नाहीसं झालं, नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्या २३ जणांत एकाच्याच. नंतर इतरांनी करून पाहिलं, तसं यश आलं नाही. बाटल्या खपतच राहिल्या. झाडपाला म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते फेटाळलं. मुलगी यावर काही बोलली नाही, परीक्षानळ्या धूत राहिली.

निघताना मामांना ३७ पैकी २२ ची गोष्ट सांगितली.

‘‘म्हंजे पंधरा राहिलेच की,’’ ते म्हणाले आणि पुढची जुडी झटकायला घेतली.