गिअरबॉक्स बदलायचा, की फक्त क्लच?

ठाण्यातल्या माजिवडा नाक्यावर पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रोड आणि नाशिक महामार्ग एकत्र येतात. तिथल्या कोंडीत अर्धवट दाबून ठेवलेला क्लच आधी झिजतो. गिअरबॉक्स सहसा बऱ्याच नंतर.

• क्लच गेला : आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो. घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ लागला की हे हमखास कळते. गिअरबॉक्स शाबूत असतो.

• दुरुस्ती पुरते : एकच गिअर करकरतो, म्हणजे सिंक्रोनायझर रिंग झिजली. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, म्हणजे बहुधा इनपुट शाफ्टचे बेअरिंग गेले. तुंबलेल्या पाण्यातून गेल्यावर ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. ऑइल त्वरित बदलावे.

• बदलणेच बरे : केसिंगला तडा, अनेक गिअरचे दात तुटलेले, ऑइलमध्ये धातूचे तुकडे. बारीक भुकटी मात्र नेहमीची झीज. तिला घाबरू नये.

• एएमटी : मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच व गिअर ॲक्ट्युएटर चालवतात. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत आणला. बिघाड आला, तर आधी ॲक्ट्युएटर तपासावा.

• सीव्हीटी : पट्टा आणि पुली. ऑइल वेगळे; दुसरे चालत नाही.

• घेताना : नवा, रिकंडिशन्ड किंवा जुना. जुन्यासाठी अनेकजण मुंबईतला कुर्ल्याचा जुन्या पार्ट्सचा बाजार गाठतात. इंजिनाचा कोड आणि गिअर रेशो जुळलाच पाहिजे. गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सीलही पाहून घ्यावीत. उतरवण्याची मजुरी पुन्हा पडत नाही.

• कागदपत्रे : आरसीवर इंजिन व चॅसी क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नाही.