नौकेच्या इंजिनाचे पाणी व धूर : उष्णतेची तपासणी

कोकण किनाऱ्यावरील अनेक गावांत शेती व मासेमारी हे दोन्ही धंदे एकाच घरात चालतात. अशा घराचे मोठे भांडवल नौकेत गुंतलेले असते व नौकेच्या किमतीचा मोठा हिस्सा तिच्या इंजिनात असतो. शेतावरील पंपाचे इंजिन तापून बंद पडले तर पिकाची एक पाळी चुकते. किनाऱ्यापासून दूर नौकेचे इंजिन तापून बसले तर नौका वारा व प्रवाह यांच्या स्वाधीन होते आणि तीवरील माणसांच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो. तथापि इंजिन बसण्यापूर्वी बहुधा सूचना देते. ही सूचना पाण्यात व धुरात असते. ती वाचता आली पाहिजे.

डिझेलपासून मिळणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भागच पंखा फिरविण्याच्या कामी येतो. तितकाच भाग धुरावाटे निघून जातो व उरलेल्यापैकी बराचसा भाग पाण्याने वाहून न्यावा लागतो. १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर ताशी सुमारे २० लिटर डिझेल जाळते. त्यास मिनिटास ८० लिटर समुद्राचे पाणी मिळत असेल तर ते पाणी साधारण १० अंश अधिक गरम होऊन बाहेर पडते. गाळणीत कचरा अडकून पाणी निम्म्यावर आले की हाच फरक २० अंशांच्या घरात जातो. उन्हाळ्यात समुद्राचेच पाणी ३० अंशांच्या आसपास असते, म्हणून त्या दिवसांत हाताशी असलेली सवलत आणखी कमी होते.

नौकेवर पाण्याची व्यवस्था दोन प्रकारची आढळते. पहिल्या प्रकारात समुद्राचे पाणी सरळ इंजिनात खेळविले जाते. हे पाणी ५५ ते ६० अंशांपलीकडे तापू देऊ नये, कारण त्यापुढे क्षारांचा थर आतील वाटांत लवकर धरू लागतो व तो थरच पुढे उष्णता अडवितो. दुसऱ्या प्रकारात इंजिनात गोडे पाणी फिरते व समुद्राचे पाणी त्यास नळ्यांच्या शीतकात बाहेरून थंड करते. येथे इंजिनातील पाणी ७५ ते ९० अंशांवर असणे योग्यच होय. इंजिन थंड चाललेले बरे, या समजुतीने काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकतात. ही मोठी चूक आहे. थंड इंजिनात इंधन पुरते जळत नाही व सिलिंडरची झीज वाढते.

आता मुख्य गोष्ट. तांडेल सामान्यतः पाण्याच्या काट्यावर विसंबून असतो. परंतु दोन प्रसंगी हा काटा फसवितो. गोड्या पाण्याच्या इंजिनात समुद्राचे पाणी कमी होत गेले तरी थर्मोस्टॅट अधिकाधिक उघडून तापमान जागच्या जागी ठेवतो. सवलत पूर्ण संपेपर्यंत काटा हालत नाही, आणि मग भराभर चढतो. दुसरा प्रसंग याहून घातक आहे. नळी फुटून इंजिनातील पाणीच निघून गेले तर काट्याचे टोक कोरड्या हवेत राहते व काटा उलट खाली येतो. इंजिन जळत असता काटा सर्व ठीक असल्याचे दाखवितो.

यास्तव काट्याच्या जोडीला धुराच्या वाटेची तपासणी आवश्यक आहे. ज्या नौकांत समुद्राचे पाणी धुराच्या नळीत सोडून धूर थंड केला जातो, तेथे पाणी पडते त्या जागेच्या पुढची रबरी नळी चालू इंजिनातही फार तापता कामा नये. पाणी अडले की ही नळी प्रथम तापते. इंजिनातील पाणी तापण्यास त्यानंतर काही मिनिटे लागतात. तेवढी मिनिटे इंजिन वाचविण्यास पुरेशी असतात. या नळीवर तापमानाची घंटा बसविता येते व तिचा खर्च इंजिन दुरुस्तीच्या मानाने अगदीच किरकोळ आहे.

धूर कोरडा बाहेर पडतो त्या नौकांत पूर्ण भारावर तो ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापतो. प्रत्येक सिलिंडरच्या धूरवाटेचा पृष्ठभाग न टेकविता मोजणाऱ्या तापमापकाने तपासता येतो. हे उपकरण चकचकीत धातूवर खोटा आकडा दाखविते, म्हणून उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एकेक ठिपका द्यावा व दर वेळी त्यावरच मोजावे. पृष्ठभागाचा आकडा आतील धुराच्या तापमानापेक्षा कमी येतो, हे ध्यानात असावे. एक सिलिंडर इतरांहून बराच थंड आढळला तर त्याचा इंजेक्टर इंधन नीट देत नाही असा संशय घ्यावा. फार तापलेला आढळला तर इंजेक्टर गळतो आहे किंवा व्हाल्व्ह नीट बसत नाही.

सुटा आकडा मात्र काही सांगत नाही. तळ साफ करून नौका पाण्यात घातली की पहिल्याच फेरीत ठरलेल्या वेगावर पाण्याचा काटा, समुद्राच्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान आणि धूरवाटांचे आकडे वहीत लिहावेत. बाहेर पडणारे पाणी वेगळ्या नळीने पडत असेल तर बंदरात बादली धरून ती किती सेकंदांत भरते तेही मोजावे. १५ लिटरची बादली ८० लिटरच्या धारेने ११ सेकंदांत भरते. पुढे त्याच वेगावर धूर पूर्वीपेक्षा ४०-५० अंशांनी तापला व पाण्याची धार पूर्ववत असेल, तर पंख्यात जाळे गुंतले काय, तळास शेवाळ व शिंपले धरले काय, हवेची गाळणी तुंबली काय, हे पाहावे. बहुधा सोबत काळा धूरही दिसतो. धूर पूर्ववत आणि पाणीच गरम असेल तर दोष पाण्याच्या वाटेत शोधावा.

ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखातून बाहेर पडताना चिखल व प्लॅस्टिकच्या पिशव्या पाण्याच्या तोंडाशी ओढल्या जातात. बाहेरची धार थांबलेली दिसताच नौका सुरक्षित जागी असल्यास, अथवा नांगर टाकून, इंजिन त्वरित बंद करावे. धार चालू असून केवळ भाराने इंजिन तापले असेल तर मात्र एकदम बंद न करता गिअर काढून काही मिनिटे मंद चालवावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी कधीही ओतू नये, हेड तडकते. गोड्या पाण्याचे झाकण निवल्याशिवाय उघडू नये. मग तळाची झडप, गाळणी, पट्टा व पंपाचे रबरी चक्र या क्रमाने पाहावे. हे चक्र कोरडे फिरल्यास एखाद्या मिनिटातच फाटते. त्याची तुटलेली पाती मोजून शोधून काढावीत, नाहीतर ती शीतकाच्या नळ्यांत अडकून नवे चक्र बसविल्यावरही इंजिन तापतच राहते. एक जादा चक्र नौकेवर असलेच पाहिजे.

मासेमारीबंदी सुरू होऊन १ जूननंतर नौका शाकारली जाते. त्यापूर्वी समुद्राच्या पाण्याच्या सर्व वाटांतून गोडे पाणी खेळवून ते काढून टाकावे व रबरी चक्र सोडवून ठेवावे, म्हणजे पाती वाकलेल्या अवस्थेत कायम होत नाहीत. परत बसविताना त्यास ग्लिसरीन अथवा साबणाचे पाणी लावावे, ग्रीस नव्हे. शीतकातील जस्ताची कांडी निम्मी झिजली असल्यास बदलावी. ती झिजते म्हणूनच नळ्या टिकतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या दिवसांत बंदरावर जाऊन गेल्या हंगामाच्या वह्या तांडेलांसोबत बसून पाहाव्यात. कोणत्या नौकेचा शीतक उघडून साफ करावयाचा, हे त्यांतील आकड्यांवरूनच ठरविता येते.