कार्ब्युरेटर गेला, त्याची कामं उरली

जुनी गाडी, नवं इंजेक्शन : लेखांक ६

मागच्या आठवड्यात सेन्सर आणि कंट्रोलर निवडून झाले. आता पंप, पाइप आणि फिल्टर तेवढे आणायचे, की काम संपलं, असं वाटणं साहजिक आहे. माझा अनुभव उलटा आहे. इंजेक्शन बसवलेली जुनी गाडी घाटात गचके खाते किंवा बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येतो, तो बहुतेक वेळा या साध्या वाटणाऱ्या वस्तूंमुळे. उदाहरण आपलं नेहमीचंच : कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीचं इंजिन, ४० च्या आसपास अश्वशक्ती.

पद्मिनीत इंजिनावर चालणारा डायफ्रॅमचा पंप टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये सोडतो. दाब जेमतेम ०.२ ते ०.३ बार. फ्लोट चेंबर म्हणजे दोन घोट पेट्रोल मावणारी डबी, पण तिची कामं बघा. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका अंगाला गेलं आणि पंपाने क्षणभर हवा ओढली, तरी डबीतल्या साठ्यावर इंजिन चालत राहतं. आलेला बुडबुडा तिथेच वर निघून जातो. डबी भरली की सुई जास्तीचं पेट्रोल अडवते. बारीक कचरा तळाशी बसतो. इंजेक्शन लावताना ही डबी आपण काढून टाकतो आणि तिचं एकेक काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावं लागतं. भाग निवडताना मी आधी हेच विचारतो, की हा भाग डबीचं कोणतं काम करणार आहे?

मल्टी-पॉइंट रचनेत साधारण ३ बार दाब लागतो, म्हणजे मूळ पंपाच्या दहापट. विजेवर चालणारा पंप घेणं भागच आहे. इथे लोक हमखास मोठा पंप उचलतात. जरा हिशेब करू. पूर्ण ताकद लावली तर दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे २३० ग्रॅम पेट्रोल जळतं. ४० अश्वशक्तीला झालं सव्वानऊ किलो, म्हणजे साडेबारा लिटरच्या आत. छोट्या एमपीएफआय गाडीचा पंपही याच्या कितीतरी पट देतो. तासाला २५५ लिटरचा पंप लावलात, तर उरलेलं सगळं पेट्रोल गरम इंजिनाजवळून फिरून टाकीत परत येईल आणि टाकी तापवेल. जास्तीची वीज खाईल ती वेगळीच. जुन्या पद्मिनीला डायनॅमो असेल, तर स्लो स्पीडला तो धड चार्जच करत नाही. अशा गाडीत आधी अल्टरनेटर, मग पंप.

पंप ढकलतो चांगलं, ओढतो वाईट. म्हणून तो टाकीजवळ आणि पेट्रोलच्या पातळीखाली हवा, सायलेन्सरपासून लांब. त्याच्या आधी १०० मायक्रॉनची जाडसर जाळी आणि नंतर १० मायक्रॉनचा फिल्टर. बारीक फिल्टर आधी लावला, तर पंपाला घुसमटायला होतं आणि उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबते.

आता डबीतला साठा. पाव टाकी पेट्रोल घेऊन कशेडी घाट चढताना प्रत्येक वळणावर पेट्रोल एका कोपऱ्यात जातं. इंजेक्टरला त्या क्षणी हवा मिळाली, तर इंजिन लगेच मिसिंग करतं. उपाय म्हणजे लिटरभराची सर्ज टँक. कमी दाबाचा छोटा पंप तिला सतत भरत ठेवतो, मोठ्या दाबाचा पंप तिच्या तळातून पेट्रोल घेतो आणि जास्तीचं पेट्रोल हवेसकट टाकीत परत जातं. काही मिस्त्री मूळ डायफ्रॅमचा पंपच तिला भरायला ठेवतात. युक्ती सुंदर आहे, पण त्यासाठी सर्ज टँक इंजिनाशेजारी घ्यावी लागते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात मला ती मागेच बरी वाटते. जुनी टाकी कापून आत पंप बसवण्याच्या नादी लागू नका. रिकाम्या टाकीतली वाफ वेल्डिंगच्या ठिणगीने पेटते आणि माणूस दगावतो.

सुईचं काम रेग्युलेटरकडे. त्याला इनटेक मॅनिफोल्डची व्हॅक्यूम नळी जोडायला विसरू नका. स्लो स्पीडला मॅनिफोल्ड ०.६ बारने पेट्रोल खेचत असेल, तर रेग्युलेटर दाब ३ वरून २.४ वर आणतो, म्हणजे इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक तोच राहतो. परतीचा पाइप अरुंद असेल, तर हा सगळा हिशेब कोलमडतो.

इंजेक्टर मोठा घेऊ नका. पद्मिनीला प्रत्येकी मिनिटाला ६५ सीसीच्या आसपास पुरतात. फार मोठा इंजेक्टर स्लो स्पीडला एखादी मिलिसेकंदच उघडतो आणि एवढ्या थोड्या वेळात त्याचं माप कधी कमी, कधी जास्त पडतं. भंगारातून आणले, तर चारही एकाच मशीनवर तपासून घ्या.

पाइपच्या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. कार्ब्युरेटरचा रबरी पाइप आणि पेचाची साधी क्लिप, दिसायला सगळं ठीक. पंधरा दिवसांनी पाइपला घाम फुटल्यासारखे थेंब दिसले, खाली तापलेला मॅनिफोल्ड. त्या दिवशी हात थरथरत होते. पाइपवर एसएई ३०आर७ छापलेलं असेल, तर तो कमी दाबाचा. इंजेक्शनला ३०आर९ किंवा त्यावरचाच हवा. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणून तेही सोसणारा असल्याची खात्री करा. क्लिप गुळगुळीत पट्टीची, रबर न कापणारी. तांब्याची नळी नकोच, हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे काम हाती घेण्याआधी आरटीओत चौकशी करा.

सगळं जोडल्यावर इंजिन सुरू न करता चावी फिरवा. कंट्रोलर पंपाला दोनेक सेकंद चालवेल. मग प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर दाबून बघा आणि गेजवरचा दाब किती टिकतो ते पाहा. इंजिन बंद असताना पंप आपोआप थांबायलाच हवा, कारण अपघातात पाइप तुटला तर चालू पंप तीन बारने पेट्रोल रस्त्यावर ओतत राहील. तो थांबला नाही, तर रिलेची वायरिंग पुन्हा तपासेपर्यंत गाडी गॅरेजबाहेर काढू नका.