गरिबी मोजणाऱ्यांनी सातबाराही पाहावा!

गरीब माणूस गरीबच का राहतो, यावर विद्यापीठांत ढीगभर प्रबंध लिहिले गेले. कोणी पावसाला दोष देतो, कोणी लोकसंख्येला, तर कोणी सरळ म्हणतो की हे लोक आळशी आहेत. नांदेड-लातूरच्या आमच्या वस्त्यांकडे बोट दाखवून हीच कारणे सांगितली जातात. आम्ही या पंडितांना विचारतो, पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून राबणारा माणूस आळशी कसा? ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्या गरिबीचे कारण पावसात कसे सापडेल? २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधी वर्षानुवर्षे मांजरा खोऱ्यातले पाणी उसाला जात होते. तो ऊस कोणाच्या शेतात होता आणि तोडायला कोण जात होते?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. लातूर आणि नांदेडमध्ये ते १९ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे पाच माणसांत जवळपास एक माणूस आमचा. पण शेतजमिनीत पाचवा हिस्सा आमचा आहे काय? कोणत्याही गावच्या तलाठ्याचे दप्तर उघडा, उत्तर मिळेल.

गरिबीची शास्त्रीय चिकित्सा परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ मध्येच केली होती. भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी दाखवून दिले की शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यात भांडवल, अवजारे आणि श्रम किती लागतात यावर ठरते. शेतीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल कमी, हा खरा रोग. त्यावर औद्योगिकीकरण हा उपाय. पुढे १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने घटना समितीला दिलेल्या निवेदनात त्यांनी शेती हा सरकारी उद्योग करण्याची मागणी केली. जमिनीबरोबर पाणी, बैल, अवजारे, बियाणे आणि खतही सरकारनेच पुरवावे, म्हणजे गावात जमीनदार, कूळ किंवा भूमिहीन मजूर असे कोणी उरणार नाही, अशी ती योजना होती. ती कोणी स्वीकारली नाही.

१९७१ मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा गाजलेला अभ्यास आला. १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील ४० टक्के लोकांना पुरेसे अन्नही मिळत नव्हते, हे त्यांनी आकड्यांनी मांडले. पण उपाय सांगताना ते म्हणाले, वाटायला जमीन पुरणार नाही, गरिबाला काम द्या. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. या कामांवर आमच्या आयाबहिणींनी खडी फोडली म्हणून चुली पेटल्या, हे आम्ही नाकारत नाही. पण पाझर तलावाने विहीर भरली ती शेजारच्या जमीनवाल्याची. खडी फोडणारीच्या हाती आठवड्याची मजुरी पडली आणि काम संपल्यावर ती होती तिथेच राहिली.

मग शिका आणि नोकरी धरा, असे सांगितले जाते. आमची मुले शिकली. तेव्हा प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावांचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. पदवी तीच, जात आडवी आली.

उपाय नाही असे नाही. २०१५ मध्ये भारतासह सहा देशांतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१९ चे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्या अभ्यासात होते. अतिगरीब कुटुंबांना शेळ्या, गाय असे उत्पन्नाचे साधन दिले, सोबत काही काळ खर्चाला पैसे, प्रशिक्षण आणि देखरेख दिली. मदत थांबल्यावरही त्या कुटुंबांची स्थिती सुधारलेली राहिली. साधन आणि त्यामागे आधार, हे सूत्र बाबासाहेबांच्या निवेदनात १९४७ मध्येच होते!

महाराष्ट्र सरकारने २००४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने योजना काढली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळावी, ही तिची कल्पना. कल्पना उत्तम. पण सरकारी दरात चांगली जमीन विकायला गावचा जमीनवाला पुढे येईल काय? आणि नुसती खडकाळ जमीन देऊन विहीर, बैल, बियाणे दिले नाही, तर ती कसायची कशी?

दुसरीकडे आमच्या माणसाने कसून पिकवलेली गायरानेही धोक्यात आहेत. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरी २०२२ च्या अखेरीस गायराने रिकामी करण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या ज्या निकालाचा आधार दाखवला जातो, त्याच निकालात शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे. हे वाक्य तहसील कचेरीत किती जणांनी दाखवले?

म्हणून आमचे सांगणे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींना आहे. संशोधनाला विषय शोधत फिरू नका, तो तुमच्या गावात आहे. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट तालुक्यांतील गावांत जा. कोणाच्या नावावर किती जमीन आहे, गायरान कोण किती वर्षे कसतो, त्याच्याकडे दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी आहेत काय, योजनेची जमीन कोणाला मिळाली आणि ती पिकते काय, हे लिहून काढा. कागद गोळा करून एक प्रत कसणाऱ्याच्या घरात ठेवा आणि एक तहसीलदाराच्या टेबलावर, पोच घेऊन. नोटीस आली तर हाच कागद त्या कुटुंबाची भाकरी वाचवील.